श्रावणातली मत्स्यकन्या

२० जुलै १९८६, रविवार

आज सोसायटीच्या गणपतीची मीटिंग झाली. मुलांच्या नाटकातली पात्रं दिसतील कशी आणि घालतील काय, हे सगळं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मीच घेतलं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली या बिल्डिंगमध्ये मी एकटीच आहे. हे मी मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा आमचे हे खोकले, पण बोरिवलीला राहायला आल्यापासून त्यांना खोकलाच आहे.

नाटक लिहिलंय सेक्रेटरी श्यामसुंदररावांनी. समुद्राच्या तळाशी मत्स्यलोकांचा दरबार भरतो आणि एक मत्स्यकन्या, म्हणजे आमची मुलगी क्षमा, राणीकडे परवानगी मागते की मला एकदा वर जाऊन जमीन बघून येऊ दे. ठीक आहे. मी विचारलं, मत्स्यकन्या कशी हवी? म्हणाले, कॅलेंडरवर असते तशी, गोरी, लांब केस, खाली मासा. मी म्हटलं, कुठला मासा? साहेब वही चाळायला लागले. आयुष्यात मासा न खाल्लेल्या माणसाने समुद्रावर नाटक लिहावं हेच मुळात धाडस. त्या कॅलेंडरवाल्या बाईला मी लहानपणापासून बघतेय. कमरेखाली ती ना सुरमई, ना रावस, ना बांगडा. कुठल्याच पाटीत न मिळणारा मासा. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की माझं एकेक पात्र समुद्रातल्या खऱ्या जीवावरून होईल, आणि त्या जीवाचा जो स्वभाव तोच पात्राचा. उगाच मुकुट आणि मिश्या चिकटवून मत्स्यलोक होत नाहीत.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग श्यामसुंदरराव म्हणाले, शिवणकाम माणिकवहिनी करतील, मशीन त्यांच्याकडेच आहे. पुन्हा टाळ्या. या वेळी मी वाजवल्या नाहीत.

माणिक म्हणजे आमच्या समोरचं दार. नऊ वर्षं तिच्यामाझ्यात साखर मागायला कधी वाटी लागली नाही, सरळ येऊन डबा उघडायची. मे महिन्यापासून आमचा अबोला आहे. कारण काय, तर गच्चीवर सगळ्याजणी पापड लाटत होतो आणि मी म्हटलं, माणिकचा पापड बघा गं, श्रीलंकेसकट भारत. थट्टा केली. सगळ्या हसल्या. ती म्हणाली, तुझ्या जिभेला हाड नाही, पोळपाट-लाटणं उचललं आणि खाली गेली ती गेलीच. आता माणसाने थट्टासुद्धा करायची नाही म्हणजे काय? आधी मी तर बोलणार नाहीच. तिच्याकडे शिरा झाला की वास अजून येतो, बशी येत नाही. न येऊ दे. मला तुपाचा त्रासच होतो.

२५ जुलै, शुक्रवार

रोज मासळीबाजारात जातेय. घेत काही नाही, नुसती उभी राहून बघते. आज एका कोळणीने विचारलंच की बाई, बोंबलाशी सोयरीक जमवतेस काय. तिला काय सांगू, मी त्याला प्रधान करतेय म्हणून.

पण खरंच, बोंबलाहून चांगला प्रधान सापडणार नाही. काटा असून नसल्यासारखा, जिकडे टेकवाल तिकडे वाकतो. त्याला गुलाबीसर पांढरा झगा आणि एकच नियम, मान सरळ ठेवायची नाही. माकूळ हा दरबाराचा चिटणीस. शाई त्याच्या पोटातच असते, आणि कुणी जाब विचारला की शाई सोडून पळ काढतो. लेपा हा हेर, कारण त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. समुद्रघोडा ही दरबारातली दाई, पण पुरुष. त्याच्या जातीत पोरं बापाच्या पोटात वाढतात. हे ऐकून आमचे हे चहा पिता पिता थांबले.

आणि राणी कोण, तर केंड. हात लावायची खोटी, टम्म फुगते. काटे सगळे बाहेर, आत नुसतं पाणी. खरं म्हणजे भित्रा जीव, पण भल्याभल्यांना धाक. राणी अशीच पाहिजे. चित्र ह्यांना दाखवलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ओळखीची वाटते. मी म्हटलं, वाटणारच, हुबेहूब तुमच्या वहिनी. हे उठून बाल्कनीत गेले.

मामंजींचं वेगळंच. मामंजी म्हणजे माझे सासरे गुणाजी, जन्म गिरणीत गेला, संपानंतर घरीच असतात. मी प्रत्येक पात्र त्यांच्यापुढे धरते, कारण देवगडच्या माणसाला मासा कळतो. कळतो, पण एकाच बाजूने. चिटणीस बघून म्हणाले, सुकी करूची, वाईच चिंच घालून. प्रधान बघून म्हणाले, रवो लावून. हेराला त्यांनी आमटीत टाकलं. फक्त राणी बघितल्यावर तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हेका कोण खाता? कुत्रोसुद्धा हुंगणा नाय." म्हटलं, चला, एक तरी पात्र जिवंत राहिलं.

३ ऑगस्ट, रविवार

आज गटारी. बुधवारपासून श्रावण, म्हणजे गणपती विसर्जन होईपर्यंत घरात मासा नाही. ह्यांनी पहाटे गोराईला जाऊन जिताडा आणला, हाताएवढा लांब. मामंजींनी कालवणाचा शेवटचा थेंब बोटाने पुसून घेतला, आणि त्यांना बघून मलाच भरून आलं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. जिताडा साफ करताना खवले उडत होते आणि एक माझ्या मनगटावर चिकटला. खिडकीतून ऊन आलं तसा चमकला. थेट मोत्यासारखा, कडेला किंचित गुलाबी. गेले आठ दिवस मी शेपटीसाठी टिकल्या शोधतेय, आणि बाजारात मिळतात त्या लावल्या तर पोरगी बँडवाल्यासारखी दिसेल. आणि इथे खरी वस्तू मोरीत वाहून चाललेली.

सगळे खवले गोळा केले. सोडा, रिठा, लिंबू, तीन वेळा धुतले आणि गॅसवर तवा पालथा घालून त्यावर सुकवले. डबाभर झाले. गणपतीच्या मांडवात चालेल का, असा विचार मनात आला, नाही असं नाही. पण खवले म्हणजे काही मासा नव्हे. नखं कापली म्हणून कुणी न्हाव्याला खुनी म्हणत नाही. तरी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं आहे. लोकांना कलेतलं कळत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

शिवणकाम सुरू झालं. बोलणं बंद असताना शिवणकाम करायचं म्हणजे कुणीतरी मध्ये हवं. क्षमा आणि माणिकची राधा दोघी तालमीत, म्हणून मामंजींना वकील नेमलंय. मी इकडून निरोप देते, ते चार पावलं चालून तिकडे पोचवतात आणि तिथून जे येतं ते आणतात. जाताना चपला घालून जातात आणि येताना मिशी पुसत येतात.

मी निरोप पाठवला, टाके बारीक घाल म्हणावं, मागे क्षमाच्या परकराचे उसवले होते. तिकडून माणिकचं हसू ऐकू आलं. एवढं टोचलं तरी हसली कशी, कळलं नाही. मामंजी परत आले आणि म्हणाले, माणिक म्हणते, सुगंधासारखा, म्हणजे माझ्यासारखा, हात साऱ्या बोरिवलीत नाही. मी तीन वेळा विचारलं, नक्की असंच म्हणाली? म्हणाले, ह्याच म्हणाली. माणिक असं बोलेलसं वाटत नाही. पण मामंजी खोटं कशाला बोलतील?

एक प्रश्न मात्र तिने बरोबर काढला. मत्स्यकन्येचे पाय शेपटीत, मग ती रंगमंचावर येणार कशी? माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि उत्तरही तिनेच पाठवलं. गॅसच्या सिलिंडरखाली असते ती चाकांची गाडी घ्यायची, तिच्यावर क्षमाला बसवायचं, वरून निळी साडी आणि बाजूने दोरीने ओढायचं. झकास आहे. मी निरोप धाडला, ठीक आहे म्हणावं.

मामंजी चित्रांकडे बघवत नाही म्हणतात. "ऐन श्रावणात ही चित्रां भिंतीर लावतंस, पाप लागात तुका." भिंतीवरून काढली, तर म्हणाले, रवांदे, निदान बघतंय तरी.

१७ ऑगस्ट, रविवार

शेपटी माझ्या बाजूने पुरी झाली. मांजरपाटाच्या कापडावर मैद्याची खळ लावून खवले एकावर एक बसवले, जसे माशाला असतात तसे, डोक्याकडून शेपटाकडे. उलट बसवले तर पोहता येणार नाही. डोळे फुटायची वेळ आली, पण दिव्याखाली धरली तर श्वास अडकला. मी रडले थोडी. खळ अजून ओली होती, तरी मामंजींबरोबर आजच समोर पाठवून दिली, आता कंबर आणि नाड्या माणिक लावेल.

केंडराणीचा पोशाख आला तिकडून. राणी फुगायला पाहिजे हे मी चित्रात दाखवलं होतं, पण कशी फुगणार ते चित्रात दाखवावं लागत नाही. माणिकने परकराच्या आत जुनी छत्री उलटी शिवलीय. नाडी ओढली की फट्‌कन उघडते. तिची राधाच राणी झालीय. तालमीत तिने कमरेवर हात ठेवून, मान वर करून, 'मला कुणी काही सांगायचं नाही' असं म्हणत नाडी ओढली आणि सगळे गडाबडा लोळले. श्यामसुंदररावांनी मला विचारलं, राधाला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, तिची आतून समज आहे. त्यांना तो शाईवाला चिटणीस कुणावरून काढलाय विचारायचं होतं बहुतेक, पण त्यांनी विचारलं नाही. जो तो मला कोपऱ्यात घेऊन दुसऱ्याचं नाव सांगतो. मी कुणावरून काही काढलेलं नाही. मी मासे बघून काढलंय.

२४ ऑगस्ट, रविवार

वाट लागली.

पाऊस थांबायचं नाव नाही, हवा दमट, आणि खळ आंबली. खळ आंबली तसे खवलेही उठले. आमच्या मजल्यावर चार दिवसांपासून वास येतोय. आणि तो येतोय माणिकच्या दारातून, कारण शेपटी तिच्याकडे आहे. तिच्या उंबऱ्यावर दोन मांजरी येऊन बसलेल्या असतात, हलवल्या तरी हलत नाहीत.

आज विमलाताई, श्यामसुंदररावांची बायको, उगाच माझ्याकडे गव्हाचं पीठ मागायला आली. बिल्डिंगखालीच पिठाची गिरणी आहे म्हणा, पण माझ्याकडे आली. दारात उभी राहून नाकाला पदर लावला आणि हळूच म्हणाली, श्रावण पाळायचा नसेल तर नका पाळू, पण सोमवार धरायचे आणि आत कालवण शिजवायचं, हे बरं नव्हे. आणि समोरच्या दाराकडे डोळे फिरवले. मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, पीठ किती देऊ?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

झोप नाही नीट. लिहून तरी बघते.

आज श्रावणातला शेवटचा शुक्रवार. विमलाताईंकडे हळदीकुंकू होतं, साऱ्या बिल्डिंगला बोलावणं. माणिकला नाही. मी जाताना तिचं दार बंद होतं आणि आत मशीन चालू होतं. पोशाख शिवत होती, आमच्याच पोरांचे. तिथे फुटाणे आणि दूध दिलं. बायका कुजबुजत होत्या, आणि मी हातातले फुटाणे मोजत बसले. एकीने मला विचारलं, तुम्ही समोरच राहता, तुम्हाला माहीतच असेल. मी दूध प्यायला लागले.

सांगून टाकावं हे मला कळतं. मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण सांगितलं तर शेपटी मांडवात येणार नाही, ते नक्की. महिनाभराचं काम आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून असं काही झालंय की बघून माझाच श्वास अडकला. इंटरमीजिएटनंतर मला कुणी पुढे शिकवलं नाही, लग्न लावून दिलं. ही एक शेपटी माझी आहे. गणपतीनंतर सांगितलं तर नाही का चालणार? वासाने कुणी मरत नाही. आणि माणिक तरी कुठे काही म्हणतेय? तिला कळलंच नसेल वास कशाचा आहे तो. तिचं नाक मुळातच बेताचं.

मामंजी निरोप घेऊन आले की माणिक विचारते, सुगंधाची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, सांगा, बरी आहे. मग आत जाऊन मी उगाचच डाळीचा डबा घासला.

१ सप्टेंबर, सोमवार

आज शेवटची मीटिंग. गच्चीच्या खोलीत. माणिक मागच्या ओळीत राधाला घेऊन बसली होती.

मंडप, वर्गणी, लाऊडस्पीकर, सगळं होता होता नैवेद्याचा विषय निघाला. बिल्डिंगच्या गणपतीचे एकवीस मोदक दर वर्षी माणिक करते. तिच्यासारखी कळी कुणाची पडत नाही, हे मीसुद्धा कबूल करते. विमलाताईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, यंदा मोदक दुसऱ्या कुणीतरी करावेत, सोवळ्याओवळ्याचं बघायला हवं, नावं घेत नाही. सगळ्या माना मागे वळल्या. माणिक जमिनीकडे बघत राहिली. राधाने तिचा हात धरला.

मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. "माणिकच्या घरात मासा शिजलेला नाही. वास माझ्या शेपटीला येतोय. जिताड्याचे खवले लावलेत मी, खरे. तिला मी सांगितलेलं नाही. नाटकातून काढायचं तर मला काढा, पण तिच्या मोदकांना हात लावायचं काम नाही."

मग जे व्हायचं ते झालं. श्यामसुंदरराव म्हणाले, खरे खवले? गणपतीच्या समोर? विमलाताई गोमूत्राचं काहीतरी म्हणाल्या. कुणीतरी मागे हसलं, ते बहुधा आमचे हे होते. शेवटी ठरलं की शेपटी मांडवात यायची नाही, मोदक माणिकच करेल आणि मत्स्यकन्येचं काय ते सुगंधाताईंनी आपलं आपण बघावं. सहा दिवसांवर गणपती आलेत. क्षमा घरी येऊन उशीत तोंड खुपसून झोपली. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, आई, तू बरोबर बोललीस, पण मी आता काय घालू?

२ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी मामंजी चपला न घालताच समोरून आले आणि म्हणाले, सुने, माणिक रडता. तुझ्या बोलण्यान तिच्या डोळ्यांत पाणी इला.

निरोप धाडायचं भानच राहिलं नाही. तशीच उठले, दार उघडलं, तर समोरचं दारही उघडत होतं. दोघी चार हातांवर. ती आधी बोलली. "रडू नकोस गं, एवढं काही झालेलं नाही."

मी म्हटलं, रडतेय कोण? रडतेयस तू. ती म्हणाली, मी? मी भाजी चिरतेय. मला तर तुझे मामंजी सांगून गेले, सुगंधा सकाळपासून जेवली नाही आणि भिंतीला टेकून रडतेय. मी म्हटलं, मी दोनदा जेवले. मग हळूहळू सगळं बाहेर निघालं. सुगंधासारखा हात बोरिवलीत नाही, असं ती कधीच म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, कापड कमी पडतंय. मी टाके बारीक घाल म्हटलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा असं झालं होतं की परकराचे टाके अजून जसेच्या तसे आहेत, माणिकच्या हाताला तोड नाही. माझं 'ठीक आहे' म्हणजे तिकडे, सुगंधा खूश होऊन नाचली.

दोघी वळून मामंजींकडे बघायला लागलो. ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. मी म्हटलं, मामंजी, या वयात खोटं बोलता? जराही हलले नाहीत. "तुमच्या मनात होता, ता मी तोंडात हाडलंय. खोटा खय बोललंय?" म्हणाले आणि माणिकच्या घरात जाऊन बसले. तिने आज शिरा केला होता.

आम्ही इतक्या हसलो की वरून कुणीतरी दार उघडून बघितलं. मग हसणं संपलं आणि मला रडू आलं, आणि मग माणिकलाही, तेव्हा मामंजींचा निरोप थोडा उशिराने का होईना खरा झाला.

शेपटी आणली. गच्चीवर बसून दोघींनी एकेक खवला काढला. तिने एकदाही म्हटलं नाही की हे काय करून ठेवलंस. मला ते जास्त लागलं. रिकामा मांजरपाट बघवत नव्हता. माणिक उठून गेली आणि पलंगाखालचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आरेच्या दुधाच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची पातळ बुचं. वर्षभराची, भंगारवाल्यासाठी साठवलेली, धुऊन पुसून एकात एक घातलेली. रुपेरी, काहींवर निळ्या रेघा. तिने चार बुचं कापडावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. निळ्या रेघांची वर पाठीकडे, साधी रुपेरी पोटाकडे. बांगडा. खरा समुद्रातला बांगडा, डोळे मिटूनही ओळखला असता.

६ सप्टेंबर, शनिवार

लिहायला फुरसत नाही. बुचं कमी पडली. माणिकने दारोदार राधाला पाठवलं. साऱ्या बिल्डिंगने दिली, विमलाताईंनीसुद्धा पिशवी भरून पाठवली, स्वतः आल्या नाहीत. पुसलेली होती मात्र. बोटं सगळी कापलीत, पण शेपटी झाली. या वेळी खळ नाही, माणिकने एकेक बूच टाक्याने धरलंय. टाके बारीक आहेत.

१३ सप्टेंबर, शनिवार

नाटक झालं.

मांडव खच्चून भरला होता, शेजारच्या दोन सोसायट्याही आल्या होत्या. बोंबील प्रधान एवढा वाकला की पहिल्याच प्रवेशात पडला, आणि तसाच पडल्या पडल्या राणीला हो हो म्हणत राहिला. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. समुद्रघोड्याच्या पोटातून तीन पिल्लं निघायची होती, चौथं निघालं, कुणाचं तरी धाकटं भावंड आत शिरलं होतं. केंडराणीची छत्री उघडली ती मिटेचना. राधा दारातून जाईना. मग ती तिथेच वळली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, 'दरबार संपला असं राणी म्हणेल तेव्हाच संपतो.' लिहिलेलं नव्हतं ते. मांडव कोसळायचा बाकी होता. लोक हसता हसता वळून माझ्याकडे बघत होते, कौतुकाने. राणीचं पात्र मीच काढलंय हे सगळ्यांना कळलं होतं. राधाने कुणाची नक्कल केली ते मला अजून उमगलेलं नाही. माझ्या जावेला तिने कधी बघितलंसुद्धा नाही.

आणि मग दिवे मंद झाले आणि सिलिंडरच्या गाडीवरून क्षमा आली. बुचांवर दिवा पडला. मांडवात टाचणी पडली तर ऐकू येईल इतकं शांत झालं, आणि त्या शांततेत पुढच्या ओळीतून मामंजी एकदम म्हणाले, "बांगडो!" दीड महिना उपाशी माणूस. अर्धा मांडव कोकणातला, त्या सगळ्यांच्या पोटातून एकच आवाज निघाला. श्यामसुंदरराव कपाळाला हात लावून बसले, पण शेवटी तेही हसत होते. संपल्यावर त्यांनी स्टेजवरून आधी माणिकचं नाव घेतलं, मग माझं. माझं घेताना त्यांनी दोन्ही परीक्षांची नावंही सांगितली.

सगळे गेल्यावर माणिक आणि मी पडद्यामागे पोशाख आवरत होतो. एवढे दिवस धीर होत नव्हता, तो आज गोळा करून विचारलं, की शेपटीला खवले लावलेत, हे तुला कधी कळलं? मीटिंगमध्ये?

ती म्हणाली, छे, पिशवीतून काढली तेव्हाच. जिताडा.

मी हातातला चिटणीस खाली ठेवला. म्हणजे पंधरा दिवस तिला माहीत होतं. दारात मांजरी बसल्या, हळदीकुंकवाला बोलावलं नाही, मोदक काढून घ्यायला निघाले, आणि तिला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस."

माणिक शेपटीवरचं एक सैल झालेलं बूच दाताने दोरा तोडून पक्कं करत होती. ते झाल्यावर म्हणाली, "अबोला तुझ्याशी होता, सुगंधा. तुझ्याविरुद्ध बोलायचं कुठे ठरलं होतं?"

मी शेपटीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही घडी घालायला लागलो. बुचांमुळे ती नीट बसत नव्हती. आमचे हे तिकडे दोरी गुंडाळत होते, ते हातातलं सोडून आले आणि माणिकला विचारायला लागले, हिला काय झालं, एवढी गप्प का, बरं नाही का.